आधी भेग मिटू द्या

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला सांगून बघा, की शहरात लोक पैसे मोजून हराळी लावतात, तिला पाणी घालतात, खत घालतात आणि वाढली की कापतात. तो आधी हसेल आणि मग विचारेल, 'आमच्या बांधावरची न्यायला कधी येता?' त्याचं अर्धं आयुष्य हराळी खणण्यात गेलेलं असतं. आपण मात्र बंगल्यापुढे तीच हराळी लावून तिला लॉन म्हणतो आणि दोन-तीन वर्षांत तक्रार सुरू करतो: लॉनवर खुर्ची ठेवली की डुगडुगते, मशीन फिरवलं की एकीकडे गवत टकलं होतं, दुसरीकडे तसंच राहतं, आणि पावसाळ्यात चार ठिकाणी पाणी साचतं.

उंचसखल लॉन सपाट करायचा जगभरचा उपाय म्हणजे टॉप ड्रेसिंग. हा शब्द आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात उच्चारलात तर दुकानदार युरियाचं पोतं पुढे करील, कारण शेतीत टॉप ड्रेसिंग म्हणजे उभ्या पिकाला दिलेलं वरखत. लॉनच्या बाबतीत अर्थ निराळा आहे. उभ्या गवतावर चाळलेल्या मातीचा पातळ थर पसरायचा, तो पानांच्या खाली झाडून घालायचा, गवत त्यातून वर आलं की पुन्हा पसरायचा. असं करत सखल जागा हळूहळू वर आणायच्या. या लेखात मी त्याला मातीची भर म्हणतो.

ऐकायला सोपं वाटतं, आणि हलक्या जमिनीत ते सोपं आहेही. पण आपली जमीन काळी आहे, आणि काळ्या जमिनीत मी ही गोष्ट कशी बिघडवली ते आधी सांगतो.

मोबाइलवर व्हिडिओ बघून मी एका मे महिन्यात पाव ब्रास वाळू आणली. लॉनला पाणी कमी पडत होतं, गवत पिवळं झालं होतं आणि मधूनमधून भेगा पडल्या होत्या. काही भेगांत अंगठा सहज जात होता, एका भेगेत मी फुटपट्टी सोडली तर ती पूर्ण आत गेली. मला वाटलं, बरं झालं, भेगाही बुजतील आणि खड्डेही भरतील. खराट्याने वाळू झाडून झाडून भेगांत घातली. संध्याकाळी लॉन ताटासारखा दिसत होता. बागेत कामाला येणारे मामा फाटकातूनच म्हणाले, "भेग बुजवायची नसती साहेब, मिटू द्यायची असती." मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. जुलैत चांगला पाऊस झाला आणि त्याच लॉनला पोळीसारखे फुगे आले. आधी खड्डे होते, आता खड्डे आणि उंचवटे दोन्ही झाले.

यामागचं कारण मामांना अनुभवानं माहीत होतं, मला वाचून कळलं. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झालेल्या आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. तिच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात आकसली की भेग पडते, पावसाळ्यात फुगली की भेग मिटते. आता त्या भेगेत वरून वाळू किंवा माती पडलेली असेल तर मिटायला जागा उरत नाही. फुगणारी माती आडवी सरकू शकत नाही, म्हणून वर उचलली जाते. शेतात हे दरवर्षी आपोआप घडतं. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसात खालची वर येते, म्हणून या जमिनीला स्वतःच स्वतःला नांगरणारी जमीन म्हणतात. ऑस्ट्रेलियात अशाच काळ्या जमिनींवर मैलोन्मैल उंचवटे आणि खळगे तयार झालेले आहेत. तिथल्या आदिवासी भाषेतून आलेला 'गिलगाय' हा शब्द त्यांच्यासाठी जगभरच्या मृदाशास्त्रात रूढ आहे. मी माझ्या अंगणात वीस बाय तीस फुटांचं छोटं गिलगाय तयार केलं होतं.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता. लॉनवर वाळू टाकायच्या पद्धतीचं श्रेय स्कॉटलंडमधला गोल्फ मैदानांचा जाणकार ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) याला देतात. पण त्याची मैदानं समुद्रकाठची, मुळातच वाळूची. वाळूवर वाळू टाकली तर बिघडत नाही. तोच सल्ला जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी भागातल्या काळ्या रानावर तसाच्या तसा लावला की घोटाळा होतो.

खड्डा पडला कशामुळे?

भर टाकण्याआधी प्रत्येक खड्ड्याचं कारण शोधायला हवं. सगळे खड्डे भेगांमुळे पडत नाहीत. नळाची किंवा ड्रेनेजची चारी खणून बुजवलेली असेल तर तिथली माती दोन-तीन पावसाळे बसत राहते. असा खड्डा लांबट आणि सरळ असतो, बघताक्षणी ओळखू येतो. खालचा पाइप गळत असेल तर तिथलं गवत भर उन्हाळ्यातही हिरवंगार दिसतं. त्याचं कौतुक करू नका, प्लंबरला बोलवा. कुंपणालगत कडुनिंब किंवा अशोकाचं झाड असेल तर त्याची मुळं काळ्या मातीतलं पाणी ओढून घेतात आणि झाडाभोवतीची जमीन आकसून खाली जाते. ही सखल जागा भर टाकून कायमची सपाट होत नाही. तिथे गवताचा हट्ट सोडून वाफा करावा किंवा फरशीचे तुकडे टाकावेत, हे माझं मत.

घुशीचं बीळ असेल तर आधी बीळ. वर कितीही माती टाका, ती आत जात राहील. ज्या टोकाला ताजी उकरलेली माती दिसते तिथून सुरुवात करून बिळात दगडगोटे आणि मुरूम ठासावा लागतो. त्यातही घूस दुसरीकडून निघते, पण निदान लॉन सोडून निघते.

पावसाळ्यात गवतात छोटे छोटे शेवयांसारखे मातीचे ढीग दिसतात, ते गांडुळांचे. त्यांच्यावर औषध मारायला धावू नका. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. गांडुळं खालची बारीक माती सतत वर आणून पसरतात आणि पृष्ठभागावरचे दगडही त्या मातीखाली हळूहळू गाडले जातात, हे त्याने वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. म्हणजे आपण घमेल्याने जे करणार आहोत तेच ती फुकट करतात. ढीग वाळले की खराटा फिरवायचा, माती पसरते.

सर्वांत मोठं कारण मात्र आपलेच पाय. पावसात जमीन ओली असताना लॉनवर चालणं, मुलांचं क्रिकेट, मांडवाचे खांब. ओली काळी माती पायाचा ठसा घेते आणि वाळल्यावर सोडत नाही.

मोजणी

हेच सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. काळ्या जमिनीची पातळी मे महिन्यात एक असते आणि ऑगस्टमध्ये दुसरी. मे महिन्यातला खड्डा पाहून भर टाकलीत तर पावसाळ्यात त्या जागी उंचवटा उभा राहू शकतो. म्हणून जमीन पुरेशी भिजलेली, फुगलेली आणि भेगा मिटलेल्या असतानाच पातळी बघायची. उन्हाळ्याच्या तोंडावर काम करणार असाल तर आधी आठ-दहा दिवस, एक-दोन दिवसांआड, सावकाश आणि खोल पाणी द्या. पाइप भेगेच्या तोंडाशी धरू नका, पाणी थेट खाली निघून जाईल आणि वरची माती कोरडीच राहील. बारीक फवाऱ्याने, थांबून थांबून. भेग मिटायला वेळ लागतो. वरून मिटलेली दिसली तरी आत पोकळ असू शकते, म्हणून छत्रीची जुनी तार खुपसून बघा. तार सुर्रकन आत गेली तर अजून दोनदा पाणी.

मग गवंडी वापरतो ती सहा फुटी फंटी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घ्या. गवत आखूड कापून पट्टी आडवी ठेवा आणि तिच्याखाली दिसणारी फट मोजा. सहा फुटांत एक-दीड सेंटिमीटरचा फरक असेल तर त्याच्या मागे लागू नका, तेवढं गवत झाकतं. त्याहून जास्त असेल तर त्या जागेभोवती रांगोळीने गोल काढा आणि मध्ये मिलिमीटरचा आकडा लिहा. रांगोळी दोन पाण्यात जाते, म्हणून मी कागदावरही नकाशा काढून ठेवतो. उंचवट्यांना वेगळी खूण, कारण त्यांचा उपाय वेगळा.

सगळी जागा आडव्या रेषेत आणायची नाही, हेही लक्षात ठेवा. लॉनला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार हवा: शंभर फुटांना एक फूट, म्हणजे दहा फुटांना साधारण सव्वा इंच. उतार बघायला गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी, म्हणजे पाणसळीचा पाइप, पुरतो. काळ्या जमिनीवरच्या घराच्या जोत्याशी पाणी साचणं म्हणजे भिंतीला भेगा पाडण्याची सोय. लॉनची माती चढत चढत जोत्याच्या ओलावारोधक थराच्या वर गेली, की भिंत खालून ओल धरते आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागतात. भर टाकताना जोत्यापासून हातभर जागा मोकळी ठेवा.

माती

नियम एकच: वर टाकायची माती खालच्या मातीच्या जवळची असावी. निव्वळ वाळूचा थर चिकणमातीवर दिला तर पाणी त्या दोन थरांच्या सांध्यावर अडून बसतं, मुळं तिथेच आडवी पसरतात आणि उन्हात पहिली मरतात. वाळू थोडीशी घेऊन काळ्या मातीत कालवली तर वाळल्यावर ती विटेसारखी होते. आणि निव्वळ काळी माती टाकली तर ती फुगते-आकसते, म्हणजे मूळ दुखणं तसंच.

माझं मिश्रण असं: दोन घमेली पोयटा, एक घमेलं आपल्याच अंगणातली काळी माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत. यातला पोयटा मुख्य. नदीकाठची गाळाची, हाताला मऊ लागणारी माती. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठी ती असते आणि रोपवाटिकेवाले आणून देतात. 'पोयटा' म्हणून काहीही गळ्यात मारतात, म्हणून घेण्यापूर्वी तपासा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून पाच मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, पुढच्या दोन-तीन तासांत तिच्यावर बसतो तो गाळ, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. मधला थर जाड हवा. बरणीत एकच काळपट लगदा बसला तर तो पोयटा नव्हे, कुणाच्या तरी पायाच्या खोदकामातली माती आहे.

काळी माती चाळणीतून जात नाही ही सगळ्यांची तक्रार. ढेकूळ फोडत बसू नका. ढेकळं अंगणात पातळ पसरा, झारीने भिजवा, कडक उन्हात वाळू द्या. असं तीन-चार वेळा केलं की ती स्वतःच ज्वारीच्या दाण्याएवढी फुटते. ओलं-कोरडं होताना फुटण्याचा तिचा स्वभावच आहे, ज्या स्वभावाने भेगा पडतात तोच इथे कामाला येतो.

वाळू नदीची असेल तर परवानगीची, पावतीसह घ्या. क्रश सँड चालते, पण तिच्यातली दगडाची भुकटी धुऊन काढलेली हवी, नाहीतर पहिल्या पाण्यात वर सिमेंटसारखा पापुद्रा धरतो. सगळं मिश्रण पाच मिलिमीटरच्या जाळीतून चाळायचं. खत अर्धंकच्चं नको. हाताला गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर त्याच्यासोबत हुमणी आणि वाळवीला आवतण जाईल. आणि खताचं प्रमाण वाढवायचा मोह आवरा. सेंद्रिय भाग कुजून कमी होतो, आज सपाट केलेली जागा वर्षभरात पुन्हा बसते.

पोयट्यातून येणारं खरं संकट म्हणजे लव्हाळा आणि गाजरगवत. मिश्रण तयार झालं की ढीग भिजवून पंधरा दिवस झाकून ठेवा, जे उगवेल ते उपटा, पुन्हा भिजवा. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी चाळणीवरच हाताने वेचा, त्या उगवायची वाट बघू नका. मे महिना हाताशी असेल तर ओली माती वीतभर थरात पसरून पारदर्शक प्लास्टिकने चारी बाजूंनी बंद करा आणि महिनाभर उन्हात ठेवा. परभणीचं ऊन कशाला तरी उपयोगी पडावं.

माती परीक्षण जमलं तर जरूर करा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्याच परभणी शहरात १९७२ पासून आहे, तिथलं कृषी महाविद्यालय तर त्याहून जुनं, १९५६ सालचं. बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं देऊन जमीन चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेली, झालेली असेल तर ती परीक्षणातच कळेल. मग जिप्समचा विचार करता येतो. चोपण नसताना जिप्सम टाकण्यात हशील नाही.

हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे एक लिटर माती. एका वेळी सहा मिलिमीटर धरा. शंभर चौरस फुटांना ५६ लिटर, म्हणजे साधारण पाच घमेली. वरचं मिश्रण पाच घमेल्यांचं सांगितलं ते त्यासाठीच. एका गुंठ्याला सहाशे लिटर, सुमारे २१ घनफूट. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा गुंठ्याच्या लॉनला एका फेरीत पाव ब्रासपेक्षा थोडं कमीच लागतं. ट्रॅक्टरवाला 'एक ब्रास तरी घ्याच' म्हणेल. पण शेजाऱ्याचा लॉन तुमच्यापेक्षा वाईट असेल तरच ती मागवा.

सगळीकडे सारखा थर लागत नाही, सखल जागी जास्त, उंच जागी शून्य. पण कुठेही एका वेळी बारा मिलिमीटरच्या वर जाऊ नका. गवताची शेंडी दिसत राहिली पाहिजे. पूर्ण झाकलेलं पान सडतं, आणि मग सपाट, स्वच्छ, गवत नसलेलं अंगण मिळतं. तेच हवं असेल तर शेणाने सारवणं स्वस्त पडेल. कोरियन लॉन, म्हणजे झोयसिया, असेल तर तीन-चार मिलिमीटरच. ते फार सावकाश वाढतं.

केव्हा?

हराळी उष्णतेत वाढणारं गवत आहे. थंडीत ते झोपतं, आणि परभणीची थंडी कशी असते ते दर डिसेंबरात विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा वर्तमानपत्रात छापून येतो तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळतं. नोव्हेंबर ते जानेवारी भर टाकू नये, गवत वर येत नाही. एप्रिल-मे तर मी वर सांगितलंच.

उरतात दोन मुहूर्त. पहिला फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, घरचं पाणी पुरणार असेल तरच. दुसरा जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, पावसाने उघडीप दिली की. माझी पसंती दुसऱ्याला. जमीन फुगलेली असते, भेगा मिटलेल्या असतात, हवेत ऊब असते आणि पाणी विकत घ्यावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते बघितलेल्या मराठवाड्याच्या माणसाने लॉनची वेळ पावसाळ्याशी जुळवून घ्यावी, आणि लॉनही लहान ठेवावा.

पावसाळ्यात अडचण एकच, वाफसा. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी: मूठभर माती दाबा, गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की फुटला पाहिजे. हाताला चिकटली तर अजून ओली आहे. लॉनवर पाऊल टाकल्यावर चपलेखाली चिखलाची दुसरी चप्पल तयार होत असेल तर घरात जाऊन चहा प्या. त्या दिवशी केलेलं काम पुढची दोन वर्षं दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाफसा येतो, आणि आकाश बघून पुढचे तीन-चार दिवस मोठा पाऊस नाही असं वाटलं तर लागा कामाला.

प्रत्यक्ष काम

गवत नेहमीपेक्षा निम्म्या उंचीवर कापा. दाताळ्याने खरवडून खालचा वाळलेला, गादीसारखा झालेला कचरा काढा. तो ठेवून वर माती टाकली तर माती मुळांशी पोचतच नाही, मध्ये कुजका थर राहतो. हे कंटाळवाणं आहे आणि दाताळं ओढून पाठ भरून येते, पण यावरच निम्मं यश आहे.

मग भोकं पाडा. बागेचा काटा किंवा बोटभर जाडीची टोकदार सळई, तीन-चार इंच खोल, वीतभर अंतरावर. हेसुद्धा वाफशावरच. ओल्या चिकणमातीत सळई घातली की भोकाच्या भिंती चकचकीत होतात, त्यातून ना पाणी जातं ना मूळ.

आता उंचवटे. भर टाकून उंचवटा कमी होत नाही, ही साधी गोष्ट विसरली जाते. आणि खड्डा दीड इंचाच्या वर असेल तर तोही थराथराने भरण्यात वर्ष जाईल. दोन्हींचा उपाय एकच: त्या जागेवर फावड्याच्या धारेने इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकारात काप द्या, दीड-दोन इंच जाडीची गवताची गादी पुस्तकाची पानं उघडावीत तशी दोन्ही बाजूंना उलटा, खालची माती काढा किंवा भरा, हाताने दाबा, गादी परत बसवा. बसवलेली जागा शेजारपेक्षा अर्धा सेंटिमीटर वर ठेवा, ती बसणार आहे. सांध्यांत मिश्रण भरा, भरपूर पाणी द्या. दहा-बारा दिवसांत ओढून बघा, गादी हलली नाही तर मुळं धरली.

मिश्रण कोरडं, हातातून सांडेल असं हवं. घमेल्यातून लॉनवर छोटे छोटे ढीग टाकत जा. नकाशावरचे आकडे जिथे मोठे तिथे ढीग जवळ जवळ. मग फळी फिरवा. विकतचं अवजार लागत नाही. लोखंडी खाटेचा जुना सांगाडा उलटा करून दोरी बांधली आणि ओढला की झालं. माझ्याकडे बांबूची शिडी आहे, तिच्यावर एक वीट ठेवून ओढतो. आधी उभी, मग आडवी, मग तिरपी. उंच जागेवरची माती खरवडून निघते आणि सखल जागेत आपोआप बसते. शेतात वखराने रान सारखं करतात त्याच तत्त्वावर. शेवटी खराटा, गवताच्या कलाविरुद्ध आणि जोरात, पानं मातीतून उठून उभी राहीपर्यंत. खाली वाकून लॉनच्या पातळीला डोळा लावून बघा. सगळीकडे हिरवी टोकं दिसत असतील तर थर बरोबर. नुसती माती दिसते तिथून माती ओढून काढा.

रोलरचं काय, असं नेहमी विचारतात. शाळेच्या मैदानावरचा दगडी रोलर आणावा का? नको. क्रिकेटच्या खेळपट्टीवर काळी माती वापरतात आणि अवजड रोलर फिरवतात, कारण तिथे चेंडू उसळायला ती टणक करायची असते. लॉनखाली टणक माती म्हणजे मुळांचा गळा दाबणं. शिवाय उंचवटा दाबला जात नाही, फक्त घट्ट होतो. हाताने ढकलता येईल असा हलका रोलर एकदा फिरवायला हरकत नाही.

लगेच हलकं पाणी, मिश्रण वाहून जाणार नाही इतकंच. आठवड्याने शंभर चौरस फुटांना शंभर ग्रॅम युरिया समान फेकून ताबडतोब पाणी द्या, नाहीतर पान करपतं. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर दचकू नका. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारा. पांढऱ्या फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. आमच्या पायरीवर आहेत.

पहिली कापणी गवत तीन इंच झाल्यावर. मशीनचं पातं त्या वेळी माती खातं, म्हणून धारेची आशा ठेवू नका. तीन-चार आठवड्यांनी पट्टी ठेवून पुन्हा मोजा, नकाशात नवे आकडे घाला आणि दुसरी भर टाका. वर्षाला दोन, फार तर तीन भरी. माझं गिलगाय सपाट व्हायला दोन पावसाळे लागले. त्यातला पहिला पावसाळा तर निव्वळ गाद्या उलटून भेगांतली वाळू चमच्याने उकरण्यात गेला.

आणि मग उन्हाळा येतो. झालेलं काम टिकवायचं तर मातीला भेग पडण्याइतकं कोरडं होऊ द्यायचं नाही. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांआड खोल पाणी द्या आणि गवत अडीच-तीन इंच उंच राहू द्या, म्हणजे सावलीने ओल टिकते. कपडे-भांड्यांचं साबणाचं पाणी लॉनवर सोडू नका. त्यातल्या सोड्याने हळूहळू जमीन चोपण होते. पाणी अगदीच नसेल तर लॉन सुकू द्या. हराळी मरत नाही, ते शेतकरी सांगेल. पडलेल्या भेगाही तशाच राहू द्या, वरून काडीकचरा आणि माती झाडून आत घालू नका.

उरलेलं मिश्रण दोन पोत्यांत भरून जिन्याखाली कोरडं ठेवा. पुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की अर्ध्या तासाने छत्री घेऊन अंगणात या, पण लॉनवर पाय ठेवू नका, कडेनेच फिरा. जिथे पाणी थांबलेलं दिसेल तिथे कडेवरून काटकी फेकून खूण करा. वाफसा आला की त्या काटक्यांपाशी दोन-दोन ओंजळी माती पुरते.